फायबर चॅनल टेप ड्राइव्ह: स्विच बदलल्यावर वेग आणि पत्ता कुठे ठरवावा?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी एका नागरी सहकारी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये बॅकअपचे काम पाहतो. आमच्या टेप लायब्ररीत तीन ड्राइव्ह आहेत, दोन एलटीओ-७ आणि एक एलटीओ-४ (एलटीओ ही टेपची प्रमाणित पद्धत, पुढचा आकडा तिची पिढी). एलटीओ-७ चा ड्राइव्ह एलटीओ-५ पासून पुढच्याच टेप वाचतो, आणि लेखापरीक्षक जुन्या वर्षांचे खातेउतारे केव्हा मागतील याचा नेम नसतो. म्हणून एलटीओ-४ चा ड्राइव्ह केवळ जुन्या टेप वाचण्यापुरता ठेवला आहे. तिन्ही ड्राइव्ह फायबर चॅनलचे (सर्व्हर आणि साठवणीची उपकरणे जोडणारे जाळे) असून आजवर ते ८ गिगाबिटच्या स्विचला जोडलेले होते. त्या स्विचचा देखभाल करार संपल्यामुळे त्याच्या जागी ३२ गिगाबिटचा नवा स्विच बसवला. त्याच्या सर्व पोर्टांत ३२ गिगाबिटचेच एसएफपी (केबल जोडण्यासाठी पोर्टात बसणारे सुटे मॉड्यूल) आहेत. बॅकअप सर्व्हर लिनक्सवर चालतो आणि त्यात १६ गिगाबिटचे दोन पोर्टांचे एचबीए (सर्व्हरला या जाळ्याशी जोडणारे) कार्ड आहे.

केबल नव्या स्विचला लावल्यापासून तीन अडचणी आल्या आहेत. पहिली अशी की एलटीओ-४ च्या पोर्टाचा लाइट लागतच नाही. दुसरी, एलटीओ-७ पैकी एक ड्राइव्ह ८ गिगाबिटवर व्यवस्थित चालतो, पण दुसऱ्याची लिंक येते, काही वेळ टिकते आणि मोठा बॅकअप चालू असताना मध्येच तुटते. तिसरी अडचण मला सर्वांत जास्त सतावते. सर्व्हर रीस्टार्ट केल्यानंतर लिनक्सने ड्राइव्हना दिलेल्या एनएसटी० आणि एनएसटी१ या नावांची अदलाबदल झाली, त्यामुळे टेप एका ड्राइव्हमध्ये जाते आणि बॅकअप सॉफ्टवेअर दुसऱ्या ड्राइव्हच्या नावावर तिची वाट पाहत बसते.

लायब्ररीच्या पॅनेलवर प्रत्येक ड्राइव्हसाठी तीन सेटिंग दिसतात: वेग, पोर्टचा प्रकार आणि लूप आयडी. दोन्ही एलटीओ-७ वर वेग व पोर्टचा प्रकार ‘ऑटो’ आहे. एलटीओ-४ वर मात्र माझ्या आधीच्या कोणीतरी वेग ‘४’, प्रकार ‘लूप’ आणि लूप आयडी ‘हार्ड, ५’ असे ठरवून ठेवलेले आहे. यांतले काय बदलावे आणि काय तसेच ठेवावे? शिवाय, लायब्ररीला एक आयपी पत्ताही दिलेला आहे. ड्राइव्हच्या पत्त्याशी त्याचा काही संबंध आहे का?

फीतवाला

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. तो आयपी पत्ता केवळ लायब्ररीच्या व्यवस्थापनाचा आहे. ब्राउझरमधून पॅनेल उघडणे, इशाऱ्यांचे ईमेल पाठवणे, फर्मवेअर चढवणे एवढ्यासाठीच तो इथरनेट पोर्ट असतो आणि बॅकअपचा एक बाइटही त्यातून जात नाही. त्या पोर्टाचा वेग १०० मेगाबिट दिसला तरी काळजी करू नका.

आता एलटीओ-४. यात पॅनेलवरच्या सेटिंगच्या आधी एसएफपीचा विचार करावा लागतो. फायबर चॅनलचा एसएफपी साधारणपणे स्वतःचा वेग आणि त्याच्या खालच्या दोन पिढ्यांचे वेग, एवढेच चालवतो. ८ गिगाबिटचा एसएफपी ८, ४ आणि २ वर चालतो. १६ चा १६, ८ आणि ४ वर. ३२ चा ३२, १६ आणि ८ वर. एलटीओ-४ च्या ड्राइव्हचा कमाल वेग ४ गिगाबिट आहे. म्हणजे तुमच्या नव्या पोर्टाचा किमान वेग ८ आणि ड्राइव्हचा कमाल वेग ४, अशी स्थिती आहे. दोघांना समान असा एकही वेग नसल्यामुळे पॅनेलवर काहीही निवडले तरी लिंक येणार नाही. त्या एका पोर्टात १६ गिगाबिटचा एसएफपी बसवा. ३२ गिगाबिटचे बहुतेक स्विच तो स्वीकारतात, मात्र तो तुमच्या स्विचच्या निर्मात्याच्या मान्य यादीतलाच घ्या, कारण यादीबाहेरचा एसएफपी बसवला तर स्विच तो पोर्ट सुरूच करत नाही असा प्रकार नेहमी दिसतो.

दर अशा वेळी लोक ड्राइव्हला दोष देतात आणि इंजिनिअरला बोलावून घेतात. स्विच विकत घेतानाच जुन्या उपकरणांची यादी पुढ्यात ठेवली तर दोन-तीन कमी वेगाचे एसएफपी त्याच ऑर्डरमध्ये येतात आणि खर्चही किरकोळ असतो.

पोर्टसात

फीतवाला यांचे म्हणणे बरोबर आहे, पण नुसता एसएफपी बदलून एलटीओ-४ चालू होणार नाही, कारण त्याच्यावर दुसरीही अडचण बसलेली आहे: पोर्टचा प्रकार ‘लूप’.

फायबर चॅनलच्या आरंभीच्या काळात स्विच महाग होते आणि अनेक उपकरणे एकाच वळशात (लूपमध्ये) जोडण्याची पद्धत रूढ होती. त्या वळशावर प्रत्येक उपकरणाला ८ बिटांचा छोटा पत्ता मिळतो. ८ बिटांची २५६ मूल्ये होत असली तरी त्यांतली १२७ च ग्राह्य धरली जातात. त्यांपैकी एक स्विचच्या पोर्टासाठी राखीव असते आणि उरलेली १२६ उपकरणांना मिळतात. तुमच्या पॅनेलवर लूप आयडी ० ते १२५ एवढाच निवडता येतो तो यामुळे. वळशावर एखादे उपकरण चालू झाले, बंद झाले किंवा रीसेट झाले की सगळा वळसा पुन्हा जुळवला जातो आणि पत्ते नव्याने वाटले जातात. ‘सॉफ्ट’ निवडले असेल तर ड्राइव्ह त्या वेळी मोकळा असेल तो पत्ता घेतो, ‘हार्ड’ निवडले असेल तर दर खेपेला ठरलेलाच पत्ता मागतो. तुमच्या आधीच्या माणसाने ‘हार्ड, ५’ ठेवले त्यामागचे कारण हेच असणार, आणि त्या काळात ते शहाणपणाचेच होते. डिस्कचा पत्ता बदलला तर सर्व्हर तिला पुन्हा शोधून वाचन नव्याने करू शकतो. टेपच्या बाबतीत मात्र मधली एखादी आज्ञा हरवली की टेप नेमकी कोणत्या जागी उभी आहे हेच सर्व्हरला कळेनासे होते.

पण १६ गिगाबिटपासून पुढच्या पिढ्यांत स्विचवरची लूपची सोय काढून टाकलेली आहे. तुमचा ३२ गिगाबिटचा स्विच लूप बोलणारच नाही. तेव्हा एलटीओ-४ चा पोर्टचा प्रकार ‘पॉइंट-टू-पॉइंट’ करा. काही पॅनेलवर त्यालाच ‘फॅब्रिक’ किंवा ‘एन-पोर्ट’ असे लिहिलेले असते. एकदा ते केले की लूप आयडीला अर्थ उरत नाही. ड्राइव्ह स्विचमध्ये लॉगिन करतो आणि स्विच त्याला २४ बिटांचा पत्ता देतो: पहिली ८ बिटे स्विचचा डोमेन क्रमांक सांगतात, मधली ८ साधारणपणे पोर्ट सांगतात, आणि शेवटची ८ लूप नसताना शून्य असतात. पॅनेलवर ‘हार्ड, ५’ तसेच राहिले तरी त्याने काही बिघडत नाही.

ड्राइव्हच्या वेगाविषयी माझे मत असे की, ड्राइव्ह आणि स्विच या दोन्ही टोकांना वेग निश्चित करावा. एलटीओ-४ ला दोन्हीकडे ४, एलटीओ-७ ला दोन्हीकडे ८. आज चालणारी लिंक उद्या वीज गेल्यानंतर कोणत्या वेगावर येईल हा प्रश्न मग उरत नाही.

फीतवाला

वेग निश्चित करण्याला माझा थोडा विरोध आहे. फायबर चॅनलमध्ये एक टोक ‘ऑटो’ असेल तर ते एकेक वेग आळीपाळीने तपासून समोरच्याशी जुळवून घेते, आणि हे काम लिंक उभी राहतानाच होते. इथरनेटच्या जुन्या काळात डुप्लेक्सचा जो घोळ व्हायचा तो इथे होत नाही. निश्चित वेगाचा धोका वेगळाच असतो. पाच वर्षांनी कोणीतरी ड्राइव्ह बदलतो, नव्या ड्राइव्हवर ‘ऑटो’ असते, स्विचवर जुना आकडा तसाच राहतो, आणि तो आकडा कोणी का लिहिला होता हे सांगायला कोणीच उरत नाही. लूप आयडी ५ चे उदाहरण समोरच आहे. दोन्ही टोकांना वेगवेगळे निश्चित आकडे असतील तर लिंक येण्याचा प्रश्नच नाही.

‘ऑटो’ ठेवून लिंक अपेक्षेपेक्षा कमी वेगावर आली, तर ती केबलबद्दल किंवा एसएफपीबद्दल मिळालेली खबर समजावी. वेग निश्चित करून तिचे तोंड बंद करू नये. दुसऱ्या एलटीओ-७ ची लिंक तुटते, त्यासाठी मला तीन गोष्टी हव्या आहेत: त्या पोर्टावरचे सीआरसी आणि एन्कोडिंग त्रुटींचे (वाटेत बिघडलेल्या डेटाचे) आकडे, केबलचा रंग व लांबी, आणि जुन्या स्विचवर त्या पोर्टाचा वेग किती ठेवला होता.

कृष्णाकाठ

माहिती देतो. त्रुटींचे आकडे आधी शून्यावर आणून मग एक बॅकअप चालवला. चांगल्या ड्राइव्हच्या पोर्टावर ते शून्यच राहिले, दुसऱ्यावर मात्र सीआरसीचे आकडे सतत चढत गेले. या दुसऱ्या ड्राइव्हची केबल नारिंगी रंगाची असून तिच्यावर ‘५०/१२५ ओएम२’ असे छापलेले आहे. पहिल्याची केबल फिकट निळसर-हिरवी आहे. लायब्ररी वरच्या मजल्यावर असून केबल भिंतीतल्या पॅच पॅनेलमधून फिरून येते, म्हणून एकूण लांबी सत्तर मीटरच्या आसपास आहे. जुन्या स्विचचे कॉन्फिगरेशन फाइलमध्ये साठवलेले होते, ते उघडून पाहिले. त्यात या ड्राइव्हच्या पोर्टाचा वेग ४ वर निश्चित केलेला आढळला.

फीतवाला

मग कारण सापडले. ओएम२ (फायबर केबलचा जुना दर्जा, ओएम३ आणि ओएम४ त्याहून वरचे) केबलवर ४ गिगाबिट १५० मीटरपर्यंत जाते, पण ८ गिगाबिटची मर्यादा केवळ ५० मीटर आहे. निळसर-हिरवी केबल म्हणजे बहुधा ओएम३, तिच्यावर ८ गिगाबिट १५० मीटरपर्यंत चालते. सत्तर मीटरची नारिंगी केबल ४ वर निर्धास्त होती आणि ८ वर मर्यादेच्या बाहेर गेली. लिंक उभी राहते, कारण हलक्या वाहतुकीत थोड्या त्रुटी खपून जातात. टेप पूर्ण वेगाने धावू लागली की त्या भराभर साचतात. जुन्या स्विचवर ज्याने ४ लिहिले त्याला हे ठाऊक असावे.

इथे मार्ग दोन आहेत. त्या पोर्टातही १६ गिगाबिटचा एसएफपी घालून वेग ४ वर आणता येईल, कारण ३२ चा एसएफपी ४ वर उतरणारच नाही. किंवा केबल ओएम३ अथवा ओएम४ ची टाकावी. पहिला मार्ग कितपत चालेल ते पाहा. एलटीओ-७ ड्राइव्हचा मूळ लेखनवेग सेकंदाला ३०० मेगाबाइट आहे आणि ४ गिगाबिटची लिंक सेकंदाला सुमारे ४०० मेगाबाइट वाहून नेते. म्हणजे आकुंचन (कॉम्प्रेशन) न होणारा डेटा असेल तर लिंक आड येत नाही. पण बँकेचा डेटाबेस चांगला आकुंचित होतो, आणि आकुंचन ड्राइव्हच्या आत होत असल्याने लिंकवरून मूळ, फुगलेला डेटाच जातो. २.५ पट आकुंचन धरले तर ड्राइव्हला सेकंदाला ७५० मेगाबाइट लागतील. ८ गिगाबिटच्या लिंकची क्षमता सुमारे ८०० आहे, म्हणजे तिथे ते बसते, ४ वर बसत नाही. म्हणून मी केबल बदलण्याच्या बाजूने आहे. दोन्ही टोकांचे कनेक्टर आणि पॅच पॅनेलमधले जोड साफ करून घ्या. भिंतीतल्या पॅनेलवर टोप्या न लावता सोडलेल्या जोडांत बसलेली धूळ अशा त्रुटींना हातभार लावते. पॅनेलमधला मधला तुकडाही ओएम२ चाच असेल तर दोन्ही टोकांची पॅचकॉर्ड बदलून उपयोग नाही, संपूर्ण मार्गच बदलावा लागेल.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. सर्व्हरची डिस्क सेकंदाला ७५० मेगाबाइट देत नसेल तर लिंक ८ ची असून काही मिळत नाही. डेटा अपुरा पडू लागला की एलटीओ ड्राइव्ह टेपचा वेग काही पायऱ्यांनी कमी करतो. त्याच्याही खाली पुरवठा गेला तर टेप थांबते, मागे येते आणि पुन्हा धावते. त्या ये-जा करण्याने टेपचे आणि हेडचे आयुष्य घटते. लिंकचा आकडा पाहण्याआधी बॅकअप सॉफ्टवेअरच्या नोंदीत प्रत्यक्ष वेग किती मिळतो ते पाहावे.

अनुक्रमांक

वेगाविषयी पुरेशी चर्चा झाली, म्हणून तिसऱ्या अडचणीविषयी लिहितो. ती पॅनेलवर सुटणार नाही. तिचे मूळ सर्व्हरवर आहे.

लिनक्समध्ये एनएसटी० आणि एनएसटी१ हे आकडे ड्राइव्हच्या मालकीचे नसतात. सर्व्हर सुरू होताना जो ड्राइव्ह आधी सापडेल त्याला ० मिळतो. नव्या स्विचवर लिंक उभी राहण्याचा क्रम बदलला, एका ड्राइव्हची लिंक उशिरा आली, म्हणून नावे फिरली. पूर्वी ती स्थिर होती हा केवळ योगायोग.

खरा, टिकणारा पत्ता म्हणजे वर्ल्डवाइड नेम. हा ६४ बिटांचा क्रमांक असून तो जगात अद्वितीय असतो. संपूर्ण ड्राइव्हचा एक आणि त्याच्या पोर्टाचा एक अशा दोन रूपांत तो दिसतो. स्विच देत असलेला २४ बिटांचा पत्ता केबल दुसऱ्या पोर्टात घातली की बदलतो. पोर्टाचे वर्ल्डवाइड नेम बदलत नाही. म्हणून झोनिंग (कोणते उपकरण कोणाला दिसावे हे स्विचवर ठरवणे) पोर्टाच्या वर्ल्डवाइड नेमवर करा, आणि एका झोनमध्ये एचबीएचा एकच पोर्ट ठेवा, म्हणजे एका सर्व्हरच्या हालचालींची सूचना दुसऱ्याच्या चालू बॅकअपपर्यंत पोहोचत नाही. शक्य असेल तर टेपसाठी एचबीएचा एक पोर्ट आणि डिस्कसाठी दुसरा अशी विभागणीही करा. तुमच्याकडे पोर्ट दोन आहेत, तेव्हा ती सहज होईल.

अनेक लायब्ऱ्यांत वर्ल्डवाइड नेम ड्राइव्हचे नसते, लायब्ररी ते ड्राइव्हच्या कप्प्याला देते. तुमच्या पॅनेलवर तशी सोय असेल तर ती चालू ठेवा. मग बिघडलेला ड्राइव्ह काढून नवा बसवला तरी कप्प्याचे नाव तेच राहते आणि झोनिंगला हात लावावा लागत नाही.

सर्व्हरवर बॅकअप सॉफ्टवेअरला एनएसटी० असे नाव देऊ नका. ‘डेव्ह’ खालच्या ‘टेप’ फोल्डरमध्ये ‘बाय-आयडी’ नावाचे उपफोल्डर असते. त्यातल्या नावांत ड्राइव्हचा ओळख क्रमांक असतो, आणि शोधाचा क्रम काहीही असला तरी ते नाव त्याच ड्राइव्हकडे बोट दाखवते. तिथे प्रत्येक ड्राइव्हची दोन नावे दिसतील. ‘एनएसटी’ ने संपणारे नाव निवडा. दुसऱ्या नावाने ड्राइव्ह उघडला तर काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते, आणि पुढचा बॅकअप आधीच्या बॅकअपवर लिहिला जातो.

यानंतर राहते ते लायब्ररीच्या क्रमाशी जुळवणे. रोबोच्या (लायब्ररीत टेप उचलून ठेवणाऱ्या यंत्राच्या) दृष्टीने ड्राइव्हला एक स्थानक्रमांक असतो, लिनक्सच्या दृष्टीने एक नाव असते, आणि हे दोन्ही जोडणारा दुवा म्हणजे ड्राइव्हचा अनुक्रमांक. लायब्ररीच्या पॅनेलवर प्रत्येक कप्प्यासमोर अनुक्रमांक लिहिलेला असतो. सर्व्हरवर ड्राइव्हला विचारले तर तोच मिळायला हवा. तीनही ड्राइव्हचा स्थानक्रमांक, अनुक्रमांक, वर्ल्डवाइड नेम आणि स्विचचा पोर्ट असा एक तक्ता लिहून रॅकच्या दारावर आतून चिकटवा.

आणखी एक. अशा बहुतेक लायब्ऱ्यांत रोबो स्वतः वेगळ्या केबलने जोडलेला नसतो. तो कोणत्यातरी एका ड्राइव्हच्या मागे, त्याच पत्त्यावर लन १ (एकाच पत्त्यामागचे दुसरे उपकरण) म्हणून दिसतो. ज्या ड्राइव्हवर ‘कंट्रोल पाथ’ (रोबोला आज्ञा पोहोचवण्याचा मार्ग) चालू असतो तो ड्राइव्ह बंद पडला तर रोबोही दिसेनासा होतो. तुमचा कंट्रोल पाथ एलटीओ-४ वर नाही ना, ते आजच पाहा. असेल तर तो पहिल्या, चांगल्या चालणाऱ्या एलटीओ-७ वर हलवा.

पोर्टसात

अनुक्रमांक यांच्या उत्तरात एका मुद्द्याची भर घालतो. एचबीएच्या सेटिंगमध्ये ‘फायबर चॅनल टेप सपोर्ट’ असा पर्याय असेल तर तो चालू आहे याची खात्री करा. लिंकवर एखादी फ्रेम (डेटाचा तुकडा) हरवली तर संपूर्ण आज्ञा रद्द न करता तेवढाच भाग पुन्हा मिळवण्याची सोय फायबर चॅनलवरील स्कझीच्या (ड्राइव्हना आज्ञा देण्याच्या भाषेच्या) दुसऱ्या आवृत्तीत आली, आणि ती मुख्यतः टेपसारख्या उपकरणांसाठी होती. तसेच बॅकअप चालू असताना त्या एचबीएवर नवी उपकरणे शोधण्याचा किंवा रीसेटचा आदेश देऊ नका. रीसेट झाला तर टेप सुरुवातीला जाऊ शकते, आणि सर्व्हरला ते वेळीच कळले नाही तर पुढचा डेटा जुन्या डेटावर बसतो.

वेग निश्चित करण्याबाबत मी अजूनही माझ्या मतावर ठाम आहे, पण केबल ओएम३ ची झाली तर ‘ऑटो’ ठेवायला माझी हरकत नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. कंट्रोल पाथ खरोखरच एलटीओ-४ वर होता, म्हणूनच रोबो दिसत नव्हता. ते मी स्विचच्या झोनिंगचे दुखणे समजत होतो, त्यामुळे इथे विचारलेही नाही. तो पहिल्या एलटीओ-७ वर हलवल्यावर रोबो लगेच दिसला. नावे ‘बाय-आयडी’ ची दिली असून रीस्टार्टनंतरही ती जागच्या जागी राहिली. १६ गिगाबिटचे एसएफपी मागवले आहेत आणि ओएम३ केबलचे दरपत्रकही मागवले आहे; ती येईपर्यंत दुसरा एलटीओ-७ बंद ठेवला आहे. एसएफपी आल्यानंतर एलटीओ-४ वर जुन्या टेप सरळ चढवाव्यात का, की आधी काही तपासावे?

फीतवाला

सरळ चढवू नका. एलटीओ-४ चा ड्राइव्ह एलटीओ-३ आणि एलटीओ-४ च्या टेपवर लिहूही शकतो, तेव्हा कार्ट्रिजच्या कडेला असलेली लेखनबंदीची सरकपट्टी आधी बंद स्थितीत आणा आणि बंद झाल्याचे डोळ्यांनी पाहा. मग महत्त्वाचा डेटा नसलेली एखादी टेप घालून पोर्टाचा वेग ४ आणि प्रकार एफ-पोर्ट (एन-पोर्टाला जोडलेले स्विचचे टोक) दिसतो का ते स्विचवर तपासा, ती टेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा आणि वाचन चालू असताना सीआरसीचे आकडे शून्यावरच राहतात का ते पाहत राहा. पुष्कळ काळ न वापरलेल्या ड्राइव्हने क्लीनिंग कार्ट्रिज मागितले तर ते आधी चालवून घ्या. ही टेप पूर्ण वाचली गेली की मग लेखापरीक्षकांच्या वर्षांच्या टेप, त्याही लेखनबंदी लावूनच, एकेक करून वाचायला घ्या, आणि शक्य असेल तर त्यांतला डेटा त्याच खेपेला एलटीओ-७ वर उतरवून ठेवा.